गुलाबी दातांचं चाक

मालेगाव (जहांगीर)
२४ जून २०२४

भगवंतभाऊ,

जय जिनेंद्र. शेठजींच्या बैठकीला तुम्ही आलात, कोपऱ्यात बसलात आणि माझ्याशी न बोलताच निघून गेलात. नंतर मुकेशनं सांगितलं, बाबांना आता कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून फोन केला नाही, लिहिते आहे.

शेठजींना जाऊन चौथा महिना लागला. मयंकनं दुकानाची आवराआवर काढली. गादीखालच्या लोखंडी पेटीत ताटाएवढी चंदेरी चकती निघाली, पुठ्ठ्याच्या पाकिटात. ती तुम्हाला आठवेल. त्र्याण्णव साली पारसनं अमेरिकेतून एका माणसाच्या हाती व्हिडिओची मशीन पाठवली होती, तिच्यासोबतची. शेठजी मला तेव्हा म्हणाले होते, चकतीत परदेशातले डोंगर आणि धबधबे आहेत, कंपनीचा नमुना आहे. पाकिटात हात घातला तर आत पारसची चिठ्ठी होती. जशी आहे तशी उतरवते.

'बाबूजी, मशीनसोबत एक चकती पाठवतो आहे. मी जिथं काम करतो तिथं या चकत्या कापतात, म्हणजे त्यांत चित्र आणि आवाज भरतात. ही एकच कापली आहे, दुसरी नाही. यात मी बाईसाठी पंधरा मिनिटं बोललो आहे. तिला समोर बसवून दाखवा. तुम्ही नाही पाहिलं तरी चालेल. बाकी सगळं त्यात सांगितलं आहे. पारस.'

त्यानं तिकडच्या मुलीशी लग्न केलं तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघत नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. नव्याण्णवमध्ये तो गाडीखाली गेला. तेव्हाही तिकडून एक फोन आला, तो शेठजींनी घेतला आणि ठेवला. सुनेचा पत्तासुद्धा विचारला नाही. आणि माझ्याशी बोललेली पंधरा मिनिटं माझ्याच घरच्या दुकानात एकतीस वर्षं पडून होती.

मशीन बिघडलेली आहे हे मला माहीत आहे. तेव्हा तुम्हीच आतल्या चाकाचा तुटका दात तळहातावर ठेवून मला दाखवला होता. तरी मयंकच्या रुचाबरोबर मशीन आणि चकती दोन्ही पाठवते आहे. एकदा पुन्हा बघा.

प्रेमाबाई

*

इंझोरी
३ जुलै २०२४

भाभी,

भगवंताचा रामराम. रुचा आली, सामान ठेवून गेली. पोरीनं मशीनखाली गोधडी घातली होती, तिथंच ओळखलं की नात कोणाची आहे. जाताना ती काहीतरी बोलली अन् हसली, मीबी हसलो. बहिऱ्याचं असंच असते, समोरचा हसला की हसून घ्यायचं. हौसा काय म्हणते ते मात्र ओठांवरून कळते, पन्नास वर्षं तेच पाहून राह्यलो. ती म्हणते, 'मी जलमभर ओरडली ते वाया नाही गेलं. कान त्यानंच गेले.'

आता कामाचं. भाभी, मशीन अजून उघडली नाही. उघडायचं मन होत नाही. तीस वर्षांचं प्लास्टिक म्हणजे म्हातारं माणूस, वरून धडधाकट दिसते अन् आत पापड झालेलं असते. हात लावला की मोडलं. असे पार्ट आता दुनियेत कोणी बनवत नाही. त्यात ती मशीन अमेरिकेच्या लाईटवर चालणारी, आपली लाईट तिले सोसत नाही. मी तुमच्या दुकानाचा ओटा अन् रिपेरिंगचं काम सोडून गावी आलो त्याले बारा वर्षं झाली. आता वाफ्यातले वांगे अन् हिरवा सांबार यातच हात चालते.

अन् एक बोलू का, रागावू नका. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू द्या. माणूस गेलं, मागून उकरून हाती काय लागते? पारसचा फोटो आहे ना, तो गेल्यावर दुकानात लावलेला, हसून राह्यला तो. तोच पाहा. मशीन मुकेशसंगं परत पाठवू का, ते कळवा.

भगवंत

*

मालेगाव
११ जुलै २०२४

भगवंतभाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. अक्षर तुमचं, पण माणूस दुसराच वाटला. नाल्याच्या पुरात वाहून आलेला रेडिओ तुम्ही आठ दिवस उन्हात वाळवून गाता केला होता. मारुतीच्या देवळातला कर्णा तुम्ही शिवणाच्या सुईनं नीट केला होता. 'होणार नाही' हा शब्द तुमच्या तोंडून मी एकदाच ऐकला, याच मशीनच्या वेळी. आता दुसऱ्यांदा, तेही याच मशीनला.

फोटो आहे. फोटो बोलत नाही.

तुम्हाला सांगते, घरात कुणाला सांगितलेलं नाही. मला पारसचा आवाज आठवत नाही. शेवटचा ऐकला तो एकोणनव्वदच्या दिवाळीत, फोनवर, दोन मिनिटं. चेहरा आठवतो, चालणं आठवतं, भाकरी मोडायची पद्धत आठवते. आवाज आठवायला गेले की मयंकचा येतो. दोघं सख्खे भाऊ, म्हणून असेल. पण एक मुलगा दुसऱ्याच्या आवाजात बोलताना आठवला की मला भीती वाटते. वाटतं, उरलेला पारसही असाच पुसला जाईल.

मला डोंगर नको, धबधबे नको. तो मला 'बाई' म्हणालेला एकदा ऐकायचं आहे, एवढंच. होत नसेल तर नाही म्हणा, पण उघडून पाहून म्हणा. न उघडता नाही म्हणू नका.

इंजिनियरिंगच्या सुट्टीत पारस पुस्तकं घरी टाकून तुमच्या ओट्यावर बसायचा, तुम्ही विसरला असाल. मी विसरले नाही.

प्रेमाबाई

*

इंझोरी
६ ऑगस्ट २०२४

भाभी,

उघडली.

तुमच्या पत्रावर आठ दिवस बसून होतो, मग उठलो. शेताच्या धुऱ्यावरच्या खोलीत टेबल मांडलं, जुना चष्मा काढला. पट्टा तर गुळाच्या पाकासारखा वितळून चिकटला होता, तो रॉकेलच्या चिंधीनं पुसून काढायले दोन दिवस गेले. लाईटीचं काम सोपं होतं, एका जुन्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर होता माझ्याजवळ. खरं दुखणं चाकाचं. चकती ज्या ट्रेमध्ये ठेवतात तो आतबाहेर करणारं चाक, जुन्या अठन्नीएवढं. तवा पांढरंशुभ्र होतं, आता हळदीसारखं पिवळं. चिमट्यानं धरलं तर त्याचे तीन तुकडे झाले. एका दाताचं दुखणं होतं, तीस वर्षं वाट पाहण्यात सगळं चाकच गेलं.

पहिले फेविक्विक टाकून त्यावर खायचा सोडा भुरभुरला. दगडासारखं होते ते. पण जोड दगडाचा अन् चाक पापडाचं, जमन कसं? दुसऱ्या फेरीले शेजारचे दोन दात उडाले. मग हौसाच्या शिवणाच्या सुया तोडून, तापवून, दातांच्या जागी खोवल्या. चाक कडक झालं, पण ट्रेचे दात सोलून काढायले लागलं. अन् हौसाले सुयांचं समजलं त्या दिवशीच्या वरणात मीठ नव्हतं.

मागल्या हप्त्यात एका सकाळी कवळी घासून राह्यलो होतो, तर डोक्यात उजेड पडला. गेलो कामरगावले. तिथं गोविंदसिंग आहे, दातांच्या कवळ्या बनवते, माझी त्यानंच बनवली. त्याले म्हटलं, 'दात बनवायचे आहे.' त्यानं माझंच तोंड उघडलं. मग मी खिशातून चाक काढलं. त्याच्या मिशा हलल्या, काय बोलला ते समजलं नाही, पण भला माणूस आहे, कामाले लागला. तीन तुकडे काचेवर जुळवले, गेलेल्या दातांच्या जागी मेण भरून कोरलं, त्याचा प्लास्टरमध्ये साचा घेतला. त्यात कवळीची भुकटी अन् तिचं पाणी ओततात, ते घट्ट होते. मापाले खरा दात माझ्याजवळ होताच, तवाचा तुटलेला, डबीत ठेवला होता. गोविंदसिंगजवळ एकच रंग भरपूर होता, हिरड्यांचा. म्हणून चाक गुलाबी झालं आहे. पहिली तीन वाया गेली. चौथं कानशीनं घासून राह्यलो. रोज थोडं थोडं.

भाभी, एक गोष्ट तुमाले सांगायची आहे. ती कागदावर उतरत नाही. चाक फिरू द्या, मग सांगतो.

भगवंत

*

मालेगाव
१७ ऑगस्ट २०२४

भगवंतभाऊ,

तुमचं पत्र देवापुढं ठेवलं, मग रुचाला वाचून दाखवलं. कवळीच्या ठिकाणी ती हसून लोळली. मलाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

तुटलेला दात तुम्ही इतकी वर्षं डबीत जपून ठेवलात, हे वाचून डोळे भरले. दुसऱ्याच्या मशीनचा तुटका दात कोण ठेवतं? कधी ना कधी दुरुस्त करून देऊ, असं मनात असल्याशिवाय कोण ठेवतं?

आज तुम्हाला खरं सांगते. त्या वेळी मला शेठजींची शंका आली होती. वाटलं, रागापायी तेच म्हणत असतील मशीन बिघडली म्हणून. म्हणून तर मी स्वतः ओट्यावर आले होते. पण दात तुम्ही दाखवलात, आणि भगवंतभाऊ खोटं बोलत नाही हे सगळ्या मालेगावला माहीत. त्या दिवशी घरी जाऊन मी शेठजींची मनातल्या मनात माफी मागितली. तुम्ही तेव्हा मान वर केली नाही. मला वाटलं, माझं दुःख तुम्हाला पाहवत नाही.

काय सांगायचं आहे ते सावकाश सांगा. पैशाचं असेल तर संकोच करू नका.

मी पारसच्या खोलीत टीव्ही लावून घेतला. समोर एक खुर्ची ठेवली आहे. मयंक म्हणतो, बाई, एवढी आस लावू नको. त्याला काय सांगणार?

प्रेमाबाई

*

इंझोरी
२ सप्टेंबर २०२४

भाभी,

शनिवारी चाक बसवलं. ट्रे बाहेर आला, आत गेला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. वीस वेळा केलं. चाक पक्कं आहे.

मग चकती ठेवली. मुकेशच्या टीव्हीले पिवळी तार जोडली अन् बटन दाबलं. चकती फिरली हे टेबलाले हात लावून समजलं.

भाभी, आता पुढचं कसं लिहू. पडद्यावर काही आलं नाही. वारूळ फुटल्यावर मुंग्या निघतात तशा पांढऱ्या मुंग्या, सगळ्या पडद्यावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधात दोनदा खुर्चीवर कोणी बसल्यासारखी सावली वाटली. ती पारसची होती का माझ्या मनाची, सांगता येत नाही. हौसाले बोलावलं. ती पाच मिनिटं उभी राह्यली अन् मान हलवून गेली.

चकती काढून उन्हात धरली. चाळणी झाली आहे. दोन प्लास्टिकच्या मधात चांदीसारखा मुलामा असते, त्यावरच सगळं लिहिलेलं राह्यते. दोन्ही बाजू ज्या डिंकानं चिकटवतात तो डिंकच मुलाम्याले खाते, वर्षानुवर्षं. त्यात आपल्या इकडचा उन्हाळा, अन् पत्र्याखालची लोखंडी पेटी. काठाकडून तांबूस झाली आहे. यावर औषध नाही. चाक बनवता आलं, हे बनवता येत नाही.

तीस वर्षांपहिले लावली असती तर आरशासारखी दिसली असती.

त्या खुर्चीवर बसू नका. खुर्ची काढून टाका.

भगवंत

*

मालेगाव
८ सप्टेंबर २०२४

भगवंतभाऊ,

काल संवत्सरी झाली. आमच्यात या दिवसानंतर ज्याला त्याला पत्र टाकून माफी मागायची रीत आहे, तुम्हाला दरवर्षी छापील कार्ड येतच असतं. शेठजी शंभर कार्डं टाकत. या वर्षी मी एकही छापून घेतलं नाही. पाच-सहाच लिहिली, हातानं. त्यातलं हे एक.

मनानं, वाणीनं, कायेनं, जाणता-अजाणता माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा. मिच्छामि दुक्कडम्.

खरोखर दुखावलं असेल. म्हातारपणी तुम्हाला कामरगावच्या चकरा मारायला लावल्या. तुम्ही आधीच नाही म्हणत होता, मी ऐकलं नाही. जे नशिबात नाही ते ओरबाडायला गेले. आता जे झालं ते झालं. तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाही. मनाला लावून घेऊ नका.

खुर्ची काढली. चकती आणि मशीन मात्र परत पाठवा. त्यात काही नसलं तरी त्याच्या हातचं आहे.

प्रेमाबाई

*

इंझोरी
१६ सप्टेंबर २०२४

भाभी,

तुमचं कार्ड आलं अन् माझं जेवण गेलं. तुमी माझी माफी मागता. सूर्य उलटा उगवला तरी एवढं उलटं होणार नाही.

जे कागदावर उतरत नव्हतं ते आज उतरवतो. एका बैठकीत लिहीन, नाहीतर होणार नाही.

त्र्याण्णवच्या दिवाळीआधी शेटजी स्वतः मशीन उचलून ओट्यावर आले. म्हणाले, 'भगवंता, ही बिघडली आहे असं प्रेमाला सांग.' मी ट्रान्सफॉर्मरवर लावून पाह्यली, मशीन चांगली होती. मी म्हटलं, 'शेटजी, मी खोटं सांगत नाही. माझा धंदा जबानीवर चालते.' त्यांनी मशीन माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, 'मग खरं कर.'

भाभी, मी खरं केलं. वरचं झाकण काढलं, पेचकस घातला अन् चाकाचा एक दात उडवला. टक् झालं. तवा मले ऐकू येत होतं. आता सगळे म्हणतात, भगवंताले बरं, त्याच्यासाठी सगळं शांत आहे. तो टक् अजून येते.

दुसऱ्या दिवशी तुमी आल्या. मी दात दाखवला अन् म्हटलं, 'दात तुटला आहे, होणार नाही.' एक शब्द खोटा नव्हता. घरी येऊन मी हौसाले सांगतलं की मी खोटं बोललो नाही. ती म्हणाली, 'सुरीनं मारलं काय अन् दोरीनं मारलं काय.' दोन दिवस बोलली नाही माझ्यासंगं.

काहून केलं? इंझोरीहून आलो तवा माझ्याजवळ एक पेचकस अन् एक पिशवी होती. शेटजीनं आपल्या दुकानाचा ओटा दिला. त्या ओट्यावर माझं घर उभं राह्यलं. त्यांच्या शब्दाले नाही म्हणायची जीभच नव्हती मले. अन् वाटलं, बापाचा राग किती दिवस टिकन? चार महिन्यांत उतरन, मग दात चिकटवून देऊ. म्हणून डबीत ठेवला. दर दिवाळीले विचारत होतो, 'शेटजी, चाक लावू का?' ते म्हणत, 'थांब.' सहा दिवाळ्या थांबलो. मग पारस गेला. तवा शेटजी माझ्या ओट्यावर येऊन बसले, लहान लेकरासारखे रडले अन् म्हणाले, 'आता लावलं तर तिला जास्त लागेल.' मले पटलं. पटलं काहून, तर ते मले सोयीचं होतं.

त्यांच्यावर ढकलत नाही. सांगणारा एक होता, पण पेचकस माझ्या हातात होता. जलमभर लोकांची मोडलेली वस्तू नीट केली. जाणून-बुजून एकच मोडली, अन् ती अशी की नीट झाली तवा कामाची राह्यली नाही. चकती तीस वर्षांत कुजली, त्या तीस वर्षांचा धनी मी आहे.

तुमच्यात दरसाल माफी मागायची रीत आहे, आमच्यात नाही. असती तर कदाचित आधीच बोललो असतो. मागतो म्हणायलेही लाज वाटते. तरी मागतो.

मुकेशसंगं मशीन, चकती अन् तो दात पाठवून राह्यलो. दात कागदाच्या पुडीत आहे. तो तुमचा आहे, माझ्याजवळ ठेवायचा हक नाही.

भगवंत

*

मालेगाव
१९ नोव्हेंबर २०२४

भगवंतभाऊ,

तुमचं पत्र येऊन दोन महिने झाले. पहिले चार दिवस ते देवघरात होतं. मग चुलीजवळ ठेवलं, जाळायला. जाळलं नाही. मशीन पारसच्या खोलीत चादर टाकून ठेवली आणि खोलीला कडी घातली. मुकेश दोनदा येऊन गेला, मी त्याच्यापुढं आले नाही. त्याचा काही दोष नव्हता, त्याला सांगा.

चकती फेकून दिली नाही, हे शेठजींचं. दात फेकला नाही, हे तुमचं. दोघांनी जपून ठेवलं आणि मला दिलं नाही. दोन महिने हेच डोक्यात फिरत होतं.

दिवाळीनंतर रुचानं कडी काढली. म्हणाली, 'दादी, नुसत्या मुंग्या तर मुंग्या. मला एकदा बघू दे.' तिनं मशीन लावली. मागची तार जोडताना म्हणाली, 'या दोन भोकांत तर धूळ तशीच आहे, इथं कुणी काही लावलेलंच नाही.' भाऊ, तुम्ही पिवळी तार तेवढी जोडली होती. ती चित्राची. लाल आणि पांढरी आवाजाची, त्या जोडल्याच नव्हत्या. तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्हाला त्या सुचणार कशा? आणि हौसाबाई उभ्या राहून मुंग्या पाहून गेल्या.

रुचानं तिन्ही जोडल्या. पडद्यावर मुंग्याच होत्या. आणि मुंग्यांतून तो बोलला.

आवाज मयंकसारखा नाही. जरा नाकात आहे. हे मी विसरले होते.

घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण तो सगळं तुमच्या ओट्यावरच्या बोलीत बोलला आहे. तुम्हाला ऐकता येणार नाही, म्हणून ऐकून ऐकून लिहून काढलं. पंधरातली साडेतीन-चार मिनिटं मिळतात. जिथं नुसती खरखर आहे तिथं तसं लिहिलं आहे.

'बाई, मी पारस. दिसून राह्यलो का नीट? जाडा झालो म्हणू नको, थंडीचा कोट आहे.' (खरखर.) 'इथं सगळं भेटते, ज्वारीची भाकर भेटत नाही. एकदा मी स्वतः थापली, तर' (लांब खरखर.) 'ही माझी बायको. तिले दोन शब्द शिकवले आहे, ऐक.' मग एक बाई बोलते, अडखळत, 'जय जिनेंद्र'. दोनदा म्हणते, पहिल्यांदा चुकलं म्हणून. पारस हसतो. (खरखर.) 'अन् ही आमची पोरगी. आठ महिन्यांची झाली. नाक पाहा, तुझंच आहे. हिचं नाव आमी' (खरखर) 'ठेवलं. तुले आवडन म्हणून ठेवलं.'

इथं एक लहान मूल ओरडतं.

मला नात आहे, भाऊ. तिकडं कुठं तरी, बत्तीस वर्षांची असेल. मी ही जागा शोधून शोधून चाळीस वेळा तरी लावली. कान टीव्हीला लावून ऐकलं. रुचानं ऐकलं, मयंकनं ऐकलं. नाव येत नाही. मला आवडेल म्हणून त्यानं ठेवलेलं नाव, तेवढीच जागा कुजली आहे. रुचा मोबाईलवर शोधते आहे. नावाशिवाय माणूस कसं शोधायचं, ते तिलाही कळत नाही.

पुढं बाबूजींना काहीतरी सांगतो. ते गेलं, नुसता 'बाबूजी' ऐकू येतो. शेवटचं मात्र स्पष्ट आहे, सगळ्यात स्पष्ट.

'बाई, मशीन नाजूक आहे. बिघडली तर घाबरू नको. भगवंतकाकाजवळ दे. दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नको. काका काहीबी नीट करते.'

हे शेवटचं मी लिहिणार नव्हते. तुम्हाला लागेल म्हणून गाळणार होते. मग वाटलं, तुम्हाला लागेल म्हणून गाळायचं, मला लागेल म्हणून गाळायचं, हेच तर या घरात तीस वर्षं चाललं. म्हणून लिहिलं. लागू द्या.

तुमच्या माफीचं उत्तर द्यायला तुमचं पत्र आलं तेव्हापासून कोरं कार्ड समोर ठेवलं आहे. 'क्षमा केली' एवढेच दोन शब्द लिहायचे. हात थांबतो. मनात नसताना लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं कसंबसं खरं करून घेणं मला जमायचं नाही. वेळ लागेल. किती, ते सांगता येत नाही. आपण दोघंही सत्तरीपलीकडचे आहोत, हेही मला कळतं.

तो दात पुडीतून काढून पारसच्या फोटोच्या चौकटीत ठेवला आहे.

एक काम आहे. ट्रे आत जाताना तुमचं गुलाबी चाक एका जागी अडतं, तिथं कुरकुर होते. तुम्हाला ती ऐकू आली नसणार. मयंक म्हणतो, वाशीमला एक जण आहे, त्याला दाखवू. मी नको म्हटलं. दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही.

कानस घेऊन या.

प्रेमाबाई